पानी बरोबर नाई जी!

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे वसंत ऋतू येतो, पण बसत नाही. उभ्याउभ्या पाणी पितो आणि निघतो. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत पहाटे वैनगंगेत बुडी मारताना दात वाजतात, आणि होळीची राख निवते न निवते तोच ब्रह्मपुरीचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर चढायला लागतो. मार्चअखेर 40 अंश, पुढचं बोलायला नको. स्वेटर धुऊन ट्रंकेत ठेवणं आणि त्याच ट्रंकेमागचा कूलर ओढून बाहेर काढणं, ही दोन्ही कामं आमच्या घरी एकाच रविवारी उरकतात. या दोन कामांच्या मधल्या फटीत जो काय वसंत सापडतो, तो गरी टाकणाऱ्यांचा मोसम. थंडीत मासा खात नाही, उन्हाळ्यात मासेमाराला जेवण जात नाही. तेव्हा जे काय करायचं ते पळस पेटल्यापासून मोह गळून संपेपर्यंत.

मी गरी टाकतो. 'मासे धरतो' असं मी म्हणत नाही, कारण गावात साक्षीदार फार आहेत.

तलावांची आमच्याकडे वाण नाही. गोंड राजांनी बांधले, कोहळी समाजाने बांधले, मालगुजारांनी बांधले. मालगुजारी गेली, तलाव राहिले. सरकारदरबारी त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव' असं पडलं आणि लोकांनी त्याचा 'मामा तलाव' करून टाकला. पण गरी घेऊन बाहेर पडलं की एवढ्या पाण्यात आपल्यासाठी पाणी म्हणून उरत नाही. ताडोब्याचा तलाव सुंदर, पण तो 1955 पासून राष्ट्रीय उद्यानात आणि त्यात मगरी. तिथे गरीच्या कोणत्या टोकाला कोण लागेल, याची खात्री देता येत नाही. जुनोना जंगलाच्या पोटात. पलीकडच्या काठावर कोण पाणी प्यायला आलंय हे पाहण्यात अर्धा जीव जातो आणि उरलेल्या अर्ध्या जिवाने गरी नीट पडत नाही. चंद्रपूर शहरातला रामाळा अगदी घराजवळ, पण त्यात मी लहानपणापासून जलपर्णीच धरत आलोय. घोडाझरी 2018 मध्ये अभयारण्य झालं, म्हणजे तिथल्या पाण्याकडे नुसतं पाहायचं. राहता राहिला आसोलामेंढा.

सावली तालुक्यातला हा इंग्रजांच्या काळातला तलाव. पाळीवर उभं राहिलं की पाणी नजरेत मावत नाही. इतक्या पाण्यात एक तरी मूर्ख मासा असणारच, या तर्कावर माझा सगळा छंद उभा आहे. शिवाय गोसेखुर्द धरणाचा उजवा कालवा याच तलावात येऊन मिळतो. गोसेखुर्दची पायाभरणी 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि कालव्यांची कामं त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं चालूच राहिली. वाट पाहण्याच्या बाबतीत आमच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यापुढे गरी टाकणारा माणूस अगदीच उतावळा ठरेल.

या कालव्यामुळे एक पंचाईत होते. साध्या तलावाचं पाणी फाल्गुनात रोज थोडं थोडं खाली उतरतं, चिखलाची एक ओली पट्टी उघडी टाकतं, आणि माणसाला आपली जागा ठरवता येते. इथे आदल्या रविवारी मी ज्या दगडावर बसून डबा खाल्ला, त्या दगडावर पुढच्या रविवारी पाणकावळा पंख वाळवत बसलेला असतो आणि दगडाभोवती कमरेएवढं पाणी असतं. पाणकावळ्याशी आमचं जुनं वैर आहे. तो बुडतो, वर येतो, चोचीतला मासा एकदा हवेत उडवून तोंडात सरळ करतो आणि गिळतो. मग माझ्याकडे पाहतो. त्या पक्ष्याला 'हवामान अनुकूल आहे काय' असा प्रश्न कधी पडलेला मी पाहिला नाही.

आम्हाला मात्र तोच एक प्रश्न पडतो. गरी टाकणं हे निमित्त आहे. खरा छंद हवामानाचा आहे.

आमच्या टोळीत मुख्य माणसं तीन. एक निवृत्त तलाठीसाहेब, एक माझा गडचिरोलीचा मेव्हणा, आणि तिसरे ढिवरमामा. ढिवरमामा खरं तर टोळीत नाहीत. ते तिथे काम करतात. आम्हीच त्यांच्या टोळीत शिरलोय.

तलाठीसाहेब वाऱ्याचे जाणकार. पाळीवर पाऊल ठेवलं की ते आधी बोट ओलं करून वर धरतात. मग डोळे बारीक करून तलावाकडे अशा नजरेने पाहतात, जशी त्यांनी हयातभर सातबाऱ्याच्या खाडाखोडीवर टाकली.

"पूर्वेचा वारा आहे. आज मासा तोंड उघडत नाही."

पुढच्या खेपेला वारा पश्चिमेचा. "पश्चिमेच्या वाऱ्यात मासा खोल जातो. आज नाही."

त्याच्या पुढच्या खेपेला झाडाचं पान हलत नव्हतं. मी मनात म्हटलं, आता काय सांगतात बघू. साहेबांनी बोट ओलं केलं, वर धरलं, खाली घेतलं, पँटला पुसलं. "वाराच नाही. पाण्यात हवा मिसळत नाही. मासा सुस्त पडला असणार."

आता यातली अडचण अशी की हे शेवटचं शास्त्राला धरून आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, रात्रभर पाणवनस्पतीही तोच वापरतात, आणि पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. वाऱ्याने लाटा उठल्या तर तो पुन्हा मिसळतो. साहेबांचं म्हणणं निखालस खोटं असतं तर भांडून मोकळं होता आलं असतं. पण दर वेळी त्यात चिमूटभर खरं असतं, आणि त्या चिमटीवर त्यांची पाच वर्षांची रिकामी टोपली उभी आहे.

मेव्हणा नव्या पिढीचा. त्याने कार्बन फायबरचा रॉड, चकचकीत रीळ आणि खिसेच खिसे असलेलं एक जाकीट मागवलंय. त्या जाकिटातली शिट्टी कशासाठी आहे हे आजवर कळलेलं नाही. त्याच्या मोबाइलवर मासेमारीचं ॲप आहे. ते चंद्र, हवेचा दाब, सूर्योदय यांचा हिशेब करून आजचा दिवस कसा जाईल ते सांगतं. दिवस अगदीच वाईट असेल तर माशाचं एक चित्र, उत्तम असेल तर चार.

एका सकाळी चारही चित्रं उमटली. "भाऊजी, चार मासे! असा दिवस वर्षातून क्वचित येतो. सहा बावीस ते आठ दहा." आम्ही सहा बाविसाला गरी टाकल्या. आठ दहाला काढल्या. त्या दिवशी आम्ही पाहिलेले मासे ते चारच.

मासा कोणत्या खोलीवर आहे हा वादाचा दुसरा विषय. शास्त्र सोपं आहे. कतला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणूनच हे तिघे एका तलावात सुखाने नांदतात, कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. मी बूच वर-खाली सरकवून तिन्ही थरांत प्रामाणिकपणे गरी ठेवून पाहिली आहे. वर कतला नव्हता, मध्ये रोहू नव्हता, तळाशी मृगळ नव्हता. तळाशी मात्र एक खेकडा होता, त्याने कणकेचा गोळा दोन्ही आंगड्यांत धरून वर येईपर्यंत सोडला नाही आणि काठावर आल्यावर सोडला. इतकं अचूक वेळेचं भान मी बाबू लोकांतही पाहिलेलं नाही.

सायप्रिनसचं प्रकरण वेगळं. रोहू-कतल्याला विणीसाठी पावसाळ्यातलं वाहतं, गढूळ, पुराचं पाणी लागतं. सायप्रिनसला तसं काही लागत नाही. थंडी सरता सरता, साचल्या पाण्यातसुद्धा तो काठच्या गवतात शिरतो आणि काडीकाडीला चिकट अंडी लावत सुटतो. म्हणजे आमच्या वसंतात हा एकच मासा खऱ्या अर्थाने वसंतात असतो. काठाजवळ गवत हललं, शेपटीचा तपकिरी वळसा दिसला, की तलाठीसाहेब कुजबुजतात, "तोच!" मी त्याच्या नाकापुढे गोळा नेऊन सोडतो. तो गोळ्याला वळसा घालून जातो. लग्नघरात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाला 'पोहे घ्या' म्हणणाऱ्या माणसाकडे जसं पाहतात, तसं तो माझ्याकडे पाहतो.

गोळ्याबद्दल सांगायचं राहिलं. चाऱ्याची कृती प्रत्येकाची गुप्त असते आणि सगळ्यांना माहीत असते. कणीक, भाजलेला कोंडा, शेंगदाण्याची पेंड, वेलची, हिंग. आमच्या घरच्या हिंगाच्या डबीला मी कुलूप पाहिलेलं आहे. मागल्या होळीच्या सुमारास मला कोणी सांगितलं की या सगळ्यात मोहाची फुलं कुस्करून तीन दिवस आंबवली की कतला वासाने खेचला जातो. मी आंबवली. डब्याचं झाकण उघडलं की समोरच्या घरातला कुत्रा चालत येत होता, यावरून साधलं असावं. मेव्हण्याचा वाटा पोचवायला डबा डिकीत टाकून गडचिरोलीला निघालो.

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 2015 ला झाली आणि 2021 ला उठली. त्यामुळे चंद्रपूरकडून गडचिरोलीकडे जाणाऱ्या प्रत्येक डिकीकडे संशयाने पाहणं हे पोलिसांचं कर्तव्यच आहे. वैनगंगेच्या पुलाआधी एका तरुण शिपायाने हात केला. उन्हात डबा तापला होता. डिकी उघडताच तो दोन पावलं मागे सरला.

"हे काय आहे?"

"चारा आहे, साहेब."

"कोणाचा?"

"माशाचा."

"मासा मोहाची पितो?"

"अजून प्यायलेला नाही. प्रयत्न चालू आहे."

त्याने डबा नाकाशी नेला, माझं तोंड हुंगलं, पुन्हा डबा हुंगला. मग जमादारांना बोलावलं. जमादार वयाने मोठे, बहुधा वैनगंगाकाठचेच. त्यांनी झाकणावर बोट फिरवलं, गोळा दाबून पाहिला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "पेंड जास्त झाली जी. पाण्यात फुटन." सुटका झाली. पण मेव्हण्याच्या दारात पोचेपर्यंत गोळ्याने झाकण उडवलं होतं आणि स्कूटरच्या डिकीला आजही चैत्रात मोहाचा वास येतो. कतल्यालाही तो आला असेल. आला मात्र तो नाही.

तलावात रोहू-कतला आपोआप होत नाहीत, हे मला फार उशिरा उमगलं. 1957 च्या 10 जुलैला कटकला हिरालाल चौधरी यांनी माशाला पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. त्या दिवसाची आठवण म्हणून 10 जुलैला देशभर मत्स्य शेतकरी दिन साजरा होतो. त्या इंजेक्शनाच्या पुण्याईवर मत्स्यजिरे तयार होतात, जिऱ्याची बोटुकली होते, आणि ती बोटुकली पैसे मोजून तलावात सोडली जाते. सोडणारी असते ढिवर समाजाची सहकारी संस्था. तलावाचा ठेका तिचा, बोटुकली तिची, राखण तिची. म्हणजे मी ज्याला निसर्गाची देणगी समजून गरी टाकत होतो, तो प्रत्येक रोहू कोणाच्या तरी वहीत लिहिलेला होता.

हे कळल्यावर मी रीतसर परवानगी मागायला एका संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी गेलो. अर्ज लिहून नेला होता. 'छंद म्हणून, एका गरीने, फक्त सुटीच्या दिवशी' असं त्यात अधोरेखित केलं होतं. अध्यक्ष ओसरीवर जाळं विणत होते. अर्ज त्यांनी वाचला नाही. माझ्याकडे पाहिलं, मागे उभ्या तलाठीसाहेबांकडे पाहिलं, मेव्हण्याच्या जाकिटाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"टाका जी गरी. खुशाल टाका."

"पावती वगैरे?"

"पावती कायची? तुमच्यानं का होते?"

इतक्या मोकळ्या मनाने दिलेली परवानगी पचवायला जड जाते.

आता वेळ. मासा पहाटे उठतो यावर तिघांचंही एकमत आहे. पण आमच्याकडे पहाटे इतरही मंडळी उठतात. ब्रह्मपुरी वनविभागातल्या वाघांची कीर्ती सांगायला नको, आणि मोहाच्या दिवसांत वनखातं गावोगाव सांगत फिरतं की उजाडण्याआधी जंगलात जाऊ नका, एकट्याने जाऊ नका, वाकून काम करताना जपा. गरी टाकणारा माणूस पहाटे जातो, एकटा बसतो आणि वाकलेला असतो. म्हणून आम्ही सूर्य हातभर वर आल्यावर जातो, आणि दहा वाजता ऊन टाळूवर येतं. मोसम आधीच दोन-चार आठवड्यांचा. त्यातून वाघाने पहाट नेली, उन्हाने दुपार नेली. माझ्या वाट्याला जेवढा वसंत आला, तेवढ्यात चहासुद्धा धड होत नाही.

एकदा आम्ही हिंमत करून जरा लवकर गेलो. धुकं होतं. मागच्या पळसाच्या झुडपात खसफस झाली. तलाठीसाहेब हळूच म्हणाले, "हलू नका." आम्ही हललो नाही. मेव्हण्याने शिट्टी शोधायला सुरुवात केली. त्या जाकिटाला खिसे किती आहेत ते मला त्या दिवशी कळलं. खसफस जवळ आली. साहेब 'हलू नका' असं म्हणत म्हणतच पाळीच्या माथ्यावर पोचले होते, कसे ते कोणाला दिसलं नाही. झुडपातून एक म्हैस निघाली आणि तिच्यामागे डोक्यावर मोहाची टोपली घेतलेली एक आजी. टोपलीतली फुलं पिवळसर, रसरशीत, दहिवराने ओली. आजीने आमच्या रिकाम्या पिशवीत डोकावून पाहिलं.

"लागला का जी?"

"नाही अजून."

"आमचा मोह येचून झाला. तुमी अजून गरीच धरून बसले?"

म्हैस मात्र काही बोलली नाही. तिचे आभार.

तलाठीसाहेबांचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात आणि नाटक रात्रभर चालतं. साहेब नाटकाचे दर्दी. एका रविवारी ते रात्रभर नाटक पाहून परस्पर तलावावर आले. गरी टाकली, काठी दोन दगडांत खोचली, आणि पाळीवर पाठ टेकताच घोरायला लागले. तासाभराने काठी थरथरली. मी हाक मारली, "साहेब, लागला!" साहेब डोळे न उघडता म्हणाले, "थांबा, व्हिलनला पकडू द्या." काठी वाकली, दगडातून निसटली आणि पाण्यावरून तरंगत, मधूनच बुडत, आडवी-तिडवी तलावाच्या मध्याकडे निघाली. आम्ही दोघांनी काठावर उभं राहून तिला जाताना पाहिलं. साहेबांच्या आयुष्यातला तो एकमेव मासा, आणि त्यांनी तो पाहिलाच नाही. जागे झाल्यावर काठी कुठे आहे असं न विचारता त्यांनी बोट ओलं केलं. "वारा बदलला," ते म्हणाले.

आता ढिवरमामा. त्यांच्याकडे ॲप नाही, बोट ओलं करणं नाही. डोंग्यात बसण्याआधी ते एकदा पाण्याकडे पाहतात. मी दर खेपेला विचारतो, "मामा, आज कसं आहे?" ते दर खेपेला मान हलवतात.

"पानी बरोबर नाई जी."

सुरुवातीला मला हे फार दिलाशाचं वाटायचं. पाणी बरोबर नाही म्हटल्यावर आपल्याकडे दोष उरतच नाही. मी घरी येऊन तेच सांगायचो, कचेरीत तेच सांगायचो. मग एकदा उशिरापर्यंत थांबलो आणि मामांचा डोंगा काठाला लागताना पाहिला. आत रोहू, दोन जाडजूड मरळ, शिंगाडा, वर ओंजळभर झिंगे.

"मामा, सकाळी तर पाणी बरोबर नाही म्हणालात!"

मामांनी मरळ उचलून टोपलीत टाकला. "तुमच्यासाठी नाई म्हनलो जी."

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा झटका मात्र याच तलावाने दिला. चैत्र लागला होता, ऊन चढलं होतं, बूच कधी नव्हे ते सरळ खाली गेलं. मी काठी ओढली. काठी वाकली. जे काय होतं ते हलेना. "मोठा आहे!" मी ओरडलो. मेव्हणा धावला, साहेब जागे झाले, पाळीवरून जाणाऱ्या दोन मोटारसायकली थांबल्या. आमच्याकडे अपघात आणि मासा या दोन गोष्टींना गर्दी जमायला वेळ लागत नाही. सूचना सुरू झाल्या. ढील द्या. देऊ नका. डावीकडे घ्या. कमरेत धरा त्यांना. कोणीतरी मोबाइलवर चित्रण सुरू केलं. वजनाचा अंदाज आठ किलोवरून निघाला आणि बारावर पोचला. काठावरून एकाने 'मगर असन' अशी शंका काढली, तेव्हा मला कमरेत धरणाऱ्याने मला सोडलं.

शेवटी ते वर आलं. आधी प्लॅस्टिकची एक रिकामी बाटली, मग दुसरी बाटली, मग हिरवट दोरी, मग जाळं. ढिवरमामांचं जाळं, त्यांच्या बाटल्यांच्या तरंडांसकट, आणि त्यात अडकलेले तीन रोहू. मामा डोंगा वल्हवत शांतपणे आले. गरी सोडवली, जाळ्याची फाटलेली दोन घरं बोटांनी मोजली, माझ्याकडे पाहिलं.

"जाळ्यात गरी टाकून मासोरी धरनारे तुमी पैलेच जी."

मी दोन्ही घरांची भरपाई देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. तिन्हीतला मधला रोहू मात्र रोकडा विकला. काठावरचा भाव आणि बाजारातला भाव यांत फरक असतो अशी माझी समजूत होती. मामांच्या डोंग्यात ती समजूतही मोडली.

रोहू घेऊन घरी आलो. काठीला बांधून, दारातून जरा सावकाश चालत आलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या नागभीडकडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेल्या, आणि घड्याळाच्या नावाने देशभर गेलेल्या एचएमटी तांदळाचा भात चुलीवर चढला. सौ. वडशाची, वैनगंगाकाठी वाढलेली. तिने मासा पाटावर घेतला, विळीला लावण्याआधी उलटापालटा केला.

"अवो, हा जाळ्यातला आहे."

"कशावरून?"

"कल्ल्यामागं पाहा. गोल खवले निघालेत. जाळ्यात मुंडकं अडकलं की तिथं घासते." मग तिने बोटाने त्याचा वरचा ओठ उचलून दाखवला. गुळगुळीत, अभंग. "गरीचा असता तर इथं भोक पाडलं असतं."

मी म्हटलं, आज पाणीच बरोबर नव्हतं. रस्सा फार उत्तम झाला होता.

तेव्हा वाचकहो, फाल्गुन-चैत्रात इकडे आलात आणि तलावाचा मासा खायची इच्छा झाली, तर पाळीवर आम्हाला विचारू नका. सरळ बाजारात जा. तिथे बर्फाच्या पेट्यांतून आंध्राचा मासाही येतो, म्हणून विकणाऱ्याला 'तलावाचा का आंध्राचा' असं विचारण्यात अर्थ नाही. उत्तर नेहमी 'तलावाचाच' येतं. कल्ला उघडून पाहा, लालभडक असला आणि डोळा फुगीर असला तर घ्या. आणि तो तुम्ही स्वतः धरला असं घरी सांगायचं असेल, तर दारात पोचण्याआधी त्याच्या वरच्या ओठाला एक भोक पाडून घ्या.